फॉस्फटेज म्हणजे ब्रेक? नेहमी नाही!

एमएस्सीला सेल सिग्नलिंग शिकताना आपण सगळेच एक गोष्ट पाठ करतो. कायनेज प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, संदेश सुरू. फॉस्फटेज ते उतरवतं, संदेश बंद. म्हणजे कायनेज मोकाट सुटलं तर कॅन्सर आणि फॉस्फटेज तो रोखणारं. नेटच्या पेपरात असं गृहीत धरून बहुतेक वेळा निभावतं. रिसर्च प्रपोजल लिहिताना मात्र ते अंगाशी येऊ शकतं.

एसएचपी-२ हे एन्झाइम घ्या. आहे फॉस्फटेजच, पण रक्तपेशीला वाढीचा संदेश आला की ते रास-मॅपके मार्गाला उलट जोर देतं. कसं? रासला शांत करणारं प्रथिन ज्या फॉस्फेटला धरून जागेवर बसतं, ते फॉस्फेटच हे काढून टाकतं. ब्रेकलाच ब्रेक! (ही एक पद्धत झाली, आणखीही आहेत.)

एरवी एसएचपी-२ स्वतःला बंद ठेवतं. त्याचाच एन-एसएच२ हा भाग वळून क्रियास्थळावर झाकणासारखा बसतो. १९९८ साली त्याची स्फटिकरचना मिळाली, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. संदेश आला की झाकण उघडतं, ओसरला की परत बसतं.

आता जेएमएमएल बघा. जुवेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया, अगदी लहान मुलांना होणारा दुर्मीळ रक्ताचा कॅन्सर. एसएचपी-२ बनवणाऱ्या पीटीपीएन११ जनुकातले बदल यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत सापडतात, हे २००३ मध्ये कळलं. गंमत म्हणजे हे बदल बहुतेक करून झाकण जिथे टेकतं तिथेच असतात. ई७६के या बदलात ७६व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं, म्हणजे ऋण प्रभाराच्या जागी धन. झाकणाची पकड सुटते आणि एन्झाइम संदेश नसतानाही चालूच राहतं.

२०१६ मध्ये एसएचपी०९९ हा रेणू जाहीर झाला. तो बंद अवस्थेतल्या एसएचपी-२ला डिंकासारखा चिकटवून ठेवतो. कल्पना सुंदर. पण ई७६के असलेलं एन्झाइम मुळात बंदच होत नाही, मग डिंक लावणार कुठे? त्याच्यावर हा रेणू फारच कमी चालतो. ज्या बदलामुळे एसएचपी-२ घातक ठरलं, तोच त्याला औषधापासूनही वाचवतो. त्यामुळे जेएमएमएलच्या बहुतेक मुलांसाठी आजही भिस्त अस्थिमज्जा प्रत्यारोपणावरच आहे.