दोन वर्द्यांचा माणूस

सातारा जिल्ह्यात घरोघरी फिरा, भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी लष्करी गणवेशातला फोटो हमखास दिसतो. अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. तुकाराम ओंबळे याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे.

लष्कराच्या सिग्नल विभागातून ते नाईक म्हणून निवृत्त झाले. माणूस आता घरी राहील, शेताकडे बघेल, असं कुठल्याही घराला वाटेल. पण १९९१ मध्ये ते मुंबई पोलिसांत दाखल झाले. एक वर्दी उतरवली, दुसरी चढवली.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. सहायक फौजदार ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. सीएसटी आणि कामा रुग्णालय परिसरात गोळीबार करून आलेल्या दोन अतिरेक्यांची मोटार तिथं अडवली गेली. एक मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, बंदूक घेऊन बाहेर पडला. ओंबळ्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी त्याच्या बंदुकीची नळी घट्ट धरली. गोळ्या पोटात शिरल्या, तरी पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला पकडलं. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एवढाच, म्हणून कटाचा छडा लागला. २१ नोव्हेंबर २०१२ ला त्याला येरवड्यात फाशी झाली. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २६ जानेवारी २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीनं ते स्वीकारलं.

मैत्रिणींनो, आपल्याला आठवतात ते नळी धरल्याचे काही क्षण. त्यामागची दोन नोकऱ्यांची वर्षं, रात्रपाळ्या, सणावाराला रिकामा राहिलेला पाट, हे कोण आठवतं?

आपल्या गल्लीतही असा एखादा माणूस असतो. फौजेतून आलेला, पोलिसांत किंवा बँकेच्या दारावर दुसरी नोकरी केलेला. बचत गटाच्या कामाला गेले की त्यांच्या बायका म्हणतात, ‘‘ताई, ह्यांचं सगळं ट्रंकेत आहे बघा. पण कुठला कागद कशाचा, मला नाही ठाऊक.’’ आणि माणूस गेला की तीच बाई कागदांची पिशवी घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवते.

तेव्हा एखाद्या दुपारी ती ट्रंक उघडायला लावा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, पदकं, फोटो बाहेर काढा. पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, ते पाहा. चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पोलिसांच्या पेन्शनचं त्यांच्या खात्यात विचारावं लागेल.

आणि हो, एक वही घ्या. कुठं पोस्टिंग होतं, कोण सोबती होते, भीती कधी वाटली, सगळं लिहून काढा. चौकातला पुतळा मोजक्यांच्याच वाट्याला येतो. वही मात्र प्रत्येक घरात होऊ शकते, आणि माणूस समोर बसलेला असतानाच ती भरता येते.