एक ताट, वीस विहिरी, बाराशे वर्षं

चला, सुरुवात एका ताटापासून करू. पुढे आकडे असे काही चढत जाणार आहेत, की निघताना हाताशी एखादं ताट असलेलं बरं.

व्हिएन्नात सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला फिग्लम्युलर नावाची खानावळ आहे. १९०५ सालची. वेटर समोर ताट ठेवतो आणि ताट दिसतच नाही! दिसतं ते फक्त स्निट्झेल. सोनेरी, फुगीर, ताटाच्या कडांवरून बाहेर लोंबणारं. व्यास ३० सेंटिमीटर. मांसाचा तुकडा ठोकून ठोकून पातळ करायचा, मैदा, अंडं आणि ब्रेडचा चुरा अशा क्रमानं घोळवायचा आणि तळणीत सोडायचा. काटा टोचला की वरचं कवच कुर्रकन तुटतं. वरून लिंबू पिळायचं, बाजूला बटाट्याची आंबटसर कोशिंबीर. खानदेशातले मांडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा घेर ओळखीचा वाटेल. बाकीच्यांसाठी हिशेब करू. घरची भाकरी २० सेंटिमीटरची धरा. एका स्निट्झेलच्या जागेत अशा सव्वादोन भाकऱ्या बसतात. सव्वादोन! आणि सीएसएमटीपासून पुण्यापर्यंतच्या १९२ किलोमीटर रुळांवर ही स्निट्झेलं एकाला एक लावून मांडत गेलो तर? ६ लाख ४० हजार लागतील.

ताट झालं. आता पेला.

त्यासाठी म्युनिकला जाऊ. तिथलं बिअरचं माप ‘मास’. एक मास म्हणजे एक लिटर, एकाच मगात. जाड काचेच्या रिकाम्या मगाचंच वजन साधारण १.३ किलो. भरला की २.३ किलो. नवख्या माणसाचं मनगट पहिल्याच घोटाला कुरकुरतं. आणि आता त्या बाईंकडे बघा, गर्दीतून वाट काढत येणाऱ्या. दोन्ही हात मिळून दहा मग! किती वजन झालं? २३ किलो. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. परदेशच्या विमानात चेक-इन बॅगेला बऱ्याचदा एवढीच मुभा असते. ती बॅग आपण चाकांवर ओढत नेतो. या बाई तेवढंच ओझं छातीशी धरून नेतात, फेस न सांडता, आणि मग दुसऱ्या खेपेला वळतात. बव्हेरियात या कलेच्या शर्यतीही होतात. २०१७ साली आबेन्सबर्गला ऑलिव्हर श्ट्रुम्प्फेल यांनी एका खेपेत २९ भरलेले मग उचलून ४० मीटर नेले. ६९ किलो! सिमेंटच्या एका पोत्यावर १९ किलो तांदूळ ठेवा आणि चालायला लागा.

मग उचलून झाले, आता बसायला जागा. म्युनिकचा हिर्शगार्टन म्हणजे चेस्टनटच्या झाडांखालचा बिअर गार्डन. बाकं किती माणसांची? ८,०००! सोळा डब्यांच्या एका वंदे भारतमध्ये १,१२८ जण बसतात. तशा सात गाड्या भरून आणा, सगळ्यांना एकदम उतरवा आणि थेट झाडांखाली नेऊन बसवा. सातवी गाडी रिकामी झाली तरी शंभर जागा उरतात. प्रत्येकानं एकेक मास मागवला तर टेबलांवर एका वेळी १८ टनांहून जास्त काच आणि बिअर. चार मोठे हत्ती!

आणि ही झाडं शोभेसाठी लावलेली नाहीत बरं का. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर जमिनीखालच्या तळघरांत मुरायची. तळघर गार राहावं म्हणून वर रुंद पानांची चेस्टनट लावली. सावलीत बाकं आली, बाकांवर माणसं आली. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ साली बव्हेरियाच्या राजानं तोडगा काढला: बिअर विका, सोबत पाव द्या, पण जेवण विकायचं नाही. मग लोक घरून डबे आणायला लागले. ती रीत आजही चालू आहे. पेय तिथलं घ्यायचं, खाणं आपलं न्यायचं. म्हणजे सात वंदे भारत भरतील एवढ्या माणसांत तुम्ही बिनधास्त थालीपिठाचा डबा उघडू शकता. बिअर नको असेल तर सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो, तोही मोठ्या पेल्यात. आणि ब्रेत्सन नावाचा तो खारा, पिळाचा पाव चेहरा झाकेल एवढा.

आता बोटाएवढं काहीतरी बघू. रेगेन्सबुर्गला डॅन्यूबच्या काठी, बाराव्या शतकातल्या दगडी पुलाच्या शेजारी, वुर्स्टकुखल नावाची सॉसेजची खानावळ आहे. खोली केवढी? आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलाएवढी. कोळशाच्या निखाऱ्यांवर बोटभर सॉसेज ओळीनं भाजत असतात, सोबत सावरक्राउट नावाची आंबवलेली कोबी आणि गोडसर मोहरी. या एवढ्याशा शेगडीवरून गर्दीच्या दिवसांत ६,००० सॉसेज निघतात. दिवसाला! एक सॉसेज आठ सेंटिमीटरचं धरा. ६,००० सॉसेजची रांग झाली ४८० मीटर. दुसऱ्या दिवशी आणखी ४८०. तिसऱ्या दिवशी आणखी. अशी रोजची रांग जोडत गेलो तर ४०० दिवसांत ती मुंबईहून पुण्याला पोचते. एका छोट्याशा शेगडीवरून!

गोडाशिवाय जेवण कसं संपेल? परत व्हिएन्ना. १८३२ साली फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ मुलानं चॉकलेटचा केक केला, मध्ये जर्दाळूचा जॅम, वर चॉकलेटचा थर. तोच साखरटॉर्ट. आज हॉटेल साखर वर्षाला सुमारे ३ लाख ६० हजार केक करतं. रात्रंदिवस काम चाललं असं धरलं तरी दर दीड मिनिटाला एक. आणि ते सगळे केक हातानं होतात! अंडी किती? वर्षाला १० लाखांहून जास्त. आपल्याकडे अंड्यांचा ट्रे तीसचा. १० लाख अंड्यांचे झाले ३३ हजार ट्रे. एकावर एक रचले आणि प्रत्येकाची उंची पाच सेंटिमीटर धरली, तर चळत साडेसोळाशे मीटरच्या वर जाते. कळसूबाई १,६४६ मीटर. एका केकच्या वर्षभराच्या अंड्यांनी आपण महाराष्ट्राच्या माथ्यावर!

श्वास घेतला? घ्या. कारण आता पिंपं येतायत.

हायडेलबर्गच्या किल्ल्यात १७५१ सालचं लाकडी पिंप आहे. त्याला १३० ओक वृक्षांचं लाकूड लागलं. बांधलं तेव्हा त्यात २ लाख २१ हजार ७२६ लिटर वाइन मावायची. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर आणले तर बावीस टँकर रिकामे होतात, तेव्हा कुठे ते भरत येतं. खालून मान वर करून बघणारा पर्यटक गप्पच होतो. पण हे धाकटं. थोरलं बाड ड्युर्कहाइमला आहे. फ्रित्झ केलर नावाच्या कारागिरानं ते १९३४ साली उभं केलं. व्यास साडेतेरा मीटर. चार मजली इमारत त्याच्या आत उभी राहील! क्षमता १७ लाख लिटर. यात वाइन कधी भरलीच नाही. यात भरतात माणसं. पिंपाच्या पोटात खानावळ आहे, टेबलं आहेत, गरम जेवण आहे. १७ लाख लिटर म्हणजे किती, हे विहिरीनं मोजू. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. तशा जवळजवळ पाच विहिरी त्या एका पिंपात रित्या होतील. त्या भागात वाइनचा पेला अर्ध्या लिटरचा. रोज एक पेला या हिशेबानं हे पिंप संपवायला एका माणसाला किती काळ लागेल? ९,३०० वर्षं!

आणि आता ऑक्टोबरफेस्ट. १८१० साली राजपुत्राच्या लग्नानिमित्त म्युनिकच्या ज्या मैदानावर घोड्यांची शर्यत झाली, तिथेच ही जत्रा आजही भरते. २०२४ साली ती १६ दिवस चालली. माणसं आली ६७ लाख. बिअर गेली सुमारे ७० लाख मास. सत्तर लाख! विहिरीवर या. वीस विहिरी. आगगाडीवर या. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत आठवते? पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. तशा जवळपास तीन गाड्या. रुपयांवर या. एक मास १४ युरोचा आणि युरो ९० रुपयांचा धरला, तर मगामागे १,२६० रुपये. एकूण ८८० कोटींच्या वर, आणि हे फक्त बिअरचं बिल! रुळांवर या. मग दहा सेंटिमीटर रुंद धरून शेजारी शेजारी मांडले तर ७०० किलोमीटर. मुंबईहून पुणे, परत मुंबई, पुन्हा पुणे, आणि परतीच्या वाटेवर थेट बदलापूर! घड्याळावर या. दिवसाचे तेरा तास धरले तर सेकंदाला नऊ मग. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तीसएक मग टेबलांवर गेले असते.

पण त्या बाई आठवतायत ना, २३ किलोवाल्या? हे ७० लाख मग टेबलापर्यंत पोचले ते तसल्याच हातांनी. खेपेला दहा मग धरले तर सात लाख खेपा. एक खेप पन्नास मीटरची धरा. ३५ हजार किलोमीटर! मुंबई-पुणे असं १८२ वेळा. सोळा दिवसांत, भरल्या हातांनी. जत्रा जगातली केवढीही मोठी असो, तुमच्या टेबलावरचा मग कोणीतरी चालत येऊन ठेवलेला असतो.

लिटर झाले, किलो झाले, किलोमीटर झाले. राहिली वर्षं. आता त्यांचा जिना उतरू.

म्युनिकचं होफब्रॉयहाउस १५८९ सालचं. नेहमीची गिऱ्हाईकं आजही आपापला मग तिथल्या जाळीच्या कप्प्यात कुलपात ठेवतात. ते सुरू झालं तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला ४१ वर्षं होती. साल्झबुर्गचं आउगुस्टिनरब्रॉय त्याहून थोडं अलीकडचं, १६२१ चं. तिथे फळीवरून दगडी मग स्वतः उचलायचा, वाहत्या गार पाण्याखाली स्वतः विसळायचा, पैसे भरून पावती घ्यायची आणि मग पुढे करायचा. समोरचा माणूस लाकडी पिंपाचा नळ सोडतो. पाण्यानं गार झालेला तो मग तळहाताला जी शिरशिरी देतो, ती लिटरात मोजता येत नाही. ब्रेमेनचं राट्सकेलर १४०५ चं. त्याच्या तळघरात १६५३ सालची वाइन आजही पिंपात आहे. महाराज तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

आणि शेवटची पायरी. साल्झबुर्गमध्येच, डोंगराच्या कड्याला पाठ लावून, सेंट पीटर मठाच्या आवारात एक खानावळ आहे. ती आपला पहिला उल्लेख सांगते ८०३ सालचा, शार्लमेनच्या दरबारातल्या अल्कुइन नावाच्या पंडिताचा. ८०३! ज्ञानेश्वरी लिहायला अजून ४८७ वर्षं होती. महाराष्ट्रावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं जेमतेम तीस-चाळीस वर्षांचं, नवं कोरं होतं. तेव्हापासून या जागी रोज फक्त शंभर माणसं जेवली असं धरा. बाराशे वीस वर्षं. साडेचार लाख दिवस. साडेचार कोटी ताटं!

साल्झबुर्गमध्ये जेवणाच्या शेवटी नॉकर्ल मागवतात. फेटलेल्या अंड्याचे आणि साखरेचे तीन डोंगर, भट्टीतून थेट टेबलावर, वर पिठीसाखरेचा बर्फ. हे डोंगर वाट बघत नाहीत. मिनिटा-दोन मिनिटांत खचायला लागतात. तेव्हा आकडेमोड इथेच ठेवा आणि चमचा उचला. साडेचार कोटींच्या पुढचं ताट तुमचं आहे, आणि ते गरम आहे.