आकडा कुठून आला?

समाजकार्यात पीएच.डी. करणारे आपले विद्यार्थी संख्याशास्त्राच्या नावाने बिचकतात. बहुतेकांचे गणित दहावीतच सुटलेले असते. पुढची दहा-बारा वर्षे चळवळीत नाहीतर नोकरीत गेलेली असतात. मग कुणीतरी पैसे घेऊन संगणकावर कोष्टके काढून देतो, ती प्रबंधात जातात, आणि मौखिक परीक्षेत ‘हा आकडा कुठून आला?’ म्हटले की बोलती बंद. वास्तविक सुरुवातीला बेरीज-भागाकारापलीकडचे फारसे काही लागत नाही.

सरासरीच घ्या. समजा, वस्तीतल्या पाच घरांची महिन्याची मिळकत ८, ९, १०, ११ आणि ६२ हजार आहे. सरासरी २० हजार येते. पण वीस हजार मिळवणारे घर त्यात एकही नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर १० हजार. हा मध्यक. एक नोकरदार घर साऱ्या वस्तीला कागदावर सुखवस्तू करून टाकते, म्हणून मिळकतीसाठी मध्यक द्यावा.

नमुना निवडीचे असेच. चिठ्ठ्या टाकून शंभर घरे काढली, तरी चिठ्ठ्या कोणत्या यादीवरून केल्या हा प्रश्न उरतोच. यादीत गायरानावरची घरे नसतील तर ती चिठ्ठीत येणारच नाहीत. सूत्र कितीही बिनचूक असो, वेशीबाहेरचा माणूस वेशीबाहेरच राहतो.

सर्वात मोठी गफलत व्याख्येत होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेत सुमारे ७ टक्के होते, १९९१ मध्ये ११ टक्के झाले. दहा वर्षांत ही माणसे आली कुठून? ती इथेच होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर १९६१ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २८ लाख बौद्धांची नोंद झाली, आणि केंद्राच्या अनुसूचीत बौद्धांना स्थान नव्हते. १९९० साली ते मिळाले. बदलली ती प्रामुख्याने व्याख्या. हे ठाऊक नसलेला संशोधक या दोन आकड्यांवरून ‘लोकसंख्येचा स्फोट’ सिद्ध करील, आणि त्याचे गणित चुकलेलेही नसेल!

काय-वर्ग चाचणीचा बाऊ त्यानंतर करावा. मुळात संबंध नसेल तर एवढा संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कितपत, एवढेच ती तपासते. कारण सांगत नाही. मुलींची गळती आणि बापाचे शिक्षण यांचा संबंध दिसला, तरी शाळा किती मैलांवर आहे हे विचारावेच लागते. पहिल्या वीस प्रश्नावल्यांची कोष्टके मात्र हातानेच करावीत, रेघा मारून. कोणता प्रश्न लोकांना कळलाच नाही, ते तिथेच दिसते.