सेंसर नवा, रडगाणं तेच
गाडीचं वायरिंग : भाग 9

मागच्या भागात ब्रेक लाइटच्या स्विचवर थांबलो होतो. आज टाकीत उतरायचंय. निमित्त एका वाचकाच्या पत्राचं. पेट्रोल संपत आलं की पेटणारा पिवळा दिवा त्यांच्या गाडीत पेटेनासा झाला. गॅरेजवाल्याने टाकीतला सेंसर बदलून दिला, तरी दिवा ढिम्म. आता दुसरा सेंसर मागवू का, असं ते विचारतात. मागवू नका. आधी बाकीचं सर्किट तपासा.

कार्बोरेटरच्या काळात या दिव्यावाचून कुणाचं अडत नसे. टाकीखालच्या कॉकला आत दोन उंचीच्या नळ्या. उंच नळी उघडी पडली की गाडी आचके द्यायची, आणि आपण चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि कॉक गेला. पंप टाकीतच बसतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली तर त्याचं आयुष्य घटतं. तेव्हा हा दिवा आता चालू हवाच.

पत्रातल्या गाडीला काटा नाही, नुसता दिवा आहे. अशा बऱ्याच गाड्यांत टाकीच्या तळाशी थर्मिस्टर असतो : भोकं पाडलेल्या धातूच्या छोट्या डबीत बसवलेला एक मणी. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. बॅटरीचा करंट आधी मीटरमधल्या बल्बमधून आणि मग या मण्यातून अर्थला जातो. मणी पेट्रोलात बुडालेला असतो तोवर थंड असतो, रोध जास्त, आणि करंट इतका क्षीण की बल्बची तार लालसुद्धा होत नाही. पातळी उतरून मणी हवेत आला की तोच क्षीण करंट त्याला तापवू लागतो. रोध उतरतो, करंट वाढतो, मणी आणखी तापतो आणि बल्ब पेटतो. याला थोडा वेळ लागतो, काही गाड्यांत मिनिटभरसुद्धा. तो बिघाड नव्हे. वळणावर पेट्रोल हिंदकळलं म्हणून दिवा लुकलुकत नाही, तो या उशिरामुळेच.

आता खरी गोम. मण्याला तापवायला लागणारा करंट बल्बमधूनच येतो. बल्ब 3 वॅटचा असेल तर पूर्ण पेटल्यावर पाव अँपिअर वाहतो. हौसेने मीटरमध्ये एलईडी बसवली की तिच्यातून जेमतेम 10-20 मिलिअँपिअर जातात. एवढ्यात मणी तापत नाही आणि टाकी कोरडी पडली तरी दिवा पुरता पेटत नाही. कधी उलटंही होतं : एलईडीला पेटायला इतकं कमी लागतं की टाकी गळ्यापर्यंत भरलेली असतानाही ती मंद मिणमिणत राहते. दोन्हीचं खापर बिचाऱ्या सेंसरवर फुटतं. म्हणून पहिला प्रश्न हाच, की मीटरचे बल्ब कुणी बदललेत का? एलईडी ठेवायचीच असेल तर तिला समांतर 47 ओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर जोडता येतो, पण तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकपासून लांब ठेवावा लागतो. मला विचाराल तर मूळ वॅटचा साधा बल्ब परत लावा.

बल्ब मूळचाच असेल तर चावी बंद करून सेंसरचा कपलर सोडवा. गाडीच्या बाजूच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि चावी चालू करा. (बल्बचीच गाडी असेल तरच हं. दिवा डिजिटल मीटरच्या सर्किटवर चालत असेल तर मॅन्युअल पाहिल्याशिवाय असं काही जोडू नका.) दिवा लख्ख पेटला तर बल्ब, वायर आणि अर्थ ठीक, दोष कपलरच्या पलीकडे, सेंसरच्या बाजूला. नाही पेटला तर बल्बकडून येणारी पिन वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पेटला, म्हणजे अर्थ लागत नाही. पावसाळे काढलेल्या गाडीत कपलरच्या पिनांवर हिरवट थर हमखास सापडतो. तो घासून काढला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरीही अंधारच असेल, तर बल्ब किंवा त्याची वायर.

सेंसर बदलल्यापासून दिवा सतत जळतोय, ही दुसरी तक्रार. कपलर सोडवा. दिवा विझला नाही, तर वायर कुठेतरी चेसीला टेकतेय. टाकी परत बसवताना ती ब्रॅकेटखाली चेपली गेली असण्याची शक्यता दाट. टाकी उचलून सोललेली जागा शोधायची. विझला, तर संशय सेंसरवर, आणि टाकीत पेट्रोल खरंच आहे ना तेही बघून घ्या.

नव्या सेंसरची परीक्षा तो टाकीत घालण्याआधीच झालेली बरी. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकांना लावा आणि डबी मुठीत गच्च धरा. हाताच्या उबेने आकडा हळूहळू उतरू लागला तर मणी जिवंत आहे. आकडा हलतच नसेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर दुकानदाराला परत करा. काट्याच्या गाडीत मण्याऐवजी दांडीला लावलेला तरंगता फ्लोट असतो, तिथे परीक्षा वेगळी : दांडी हाताने वर-खाली करताना रोध सलग बदलला पाहिजे, मध्येच उडी नको. आणि बसवताना दांडी टाकीच्या आतल्या पत्र्याला अडकत नाही ना, हे बघायचं.

शेवटची खात्री रस्त्यावर करू नका. सेंसर बसवायला टाकी रिकामी केलेली आहेच, तर बॅटरीवरचं काम संपवून, उघड्यावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून बघा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि पातळी फसवते. चावी चालू करून दिवा पेटू द्या. मग चावी बंद करून अर्धा लिटर पेट्रोल ओता, सांडलेलं पुसा, वाफ जाऊ द्या, पुन्हा चावी लावून दोन मिनिटं थांबा. असं करत ज्या मापाला दिवा पेटेनासा होतो, ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. दिवा लागल्यावर टाकीत अंदाजे तेवढं पेट्रोल उरतं. मात्र मॅन्युअलमधल्या रिझर्व्हच्या आकड्याशी ते ताडून बघा. फारच तफावत असेल तर सेंसर दुसऱ्याच मॉडेलचा, कमी-जास्त लांबीचा आलाय.

पुढच्या आठवड्यात : दुसऱ्या गिअरमध्येही पेटणारा न्यूट्रलचा हिरवा दिवा.