चौपाटीवरचा कचरा नेमका कुणाचा?

लेखमाला : शहर आणि समुद्र (लेखांक ६)

दादर चौपाटीवर रविवारी संध्याकाळी फिरायला आलेल्या कुणालाही विचारावं, इथे एवढा कचरा करतं कोण? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. बाहेरून येणारे लोक, भेळवाले, कॉलेजची पोरं, विसर्जनाला येणारी मंडळं. या यादीत उत्तर देणारा स्वतः सहसा नसतो.

मागच्या लेखांकात मुंबईच्या भरती-ओहोटीचं गणित पाहिलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. कचऱ्याचं कोडं सोडवताना तेच गणित हाताशी लागतं. पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरली की पुळणीवर काटक्या-कचऱ्याची एक लांबच लांब रेघ उरते. तिच्या वर, कोरड्या वाळूत, पडलेलं असतं ते माणसांनी तिथेच टाकलेलं : भेळेचे कागद, चहाचे कप, शहाळी, खाऊन फेकलेली कणसं. आणि खुद्द रेघेत? घासून झिजलेला टूथब्रश, एकाच पायाची चप्पल, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, तुटका कंगवा. टूथब्रश घेऊन कुणी चौपाटीवर सहलीला येत नाही. हा माल घरातून निघून, गटार आणि नाल्याच्या वाटेने समुद्रात जाऊन, मग पुळणीवर आलेला असतो.

मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या आणि नाले शेवटी खाडीत किंवा थेट समुद्रात उघडतात. त्यांची अनेक पातमुखं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीला पाणी आत तुंबतं, ओहोटी लागली की साचलेल्या कचऱ्यासह जोरात बाहेर पडतं. बाहेर पडलेलं फार लांब जात नाही. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो आणि तरंगणारं सगळं पुन्हा काठाला लावतो. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करत माहीमच्या खाडीत येते. वाटेत साकीनाका आहे, कुर्ला आहे, वांद्रे-कुर्ला संकुल आहे. माहीम-दादरच्या वाळूवर या सगळ्या वस्त्यांचा माल येऊन पडतो.

यात मुंबई एकटी नाही. कोणत्या नद्या समुद्रात किती प्लास्टिक ओततात, याचा जगभरातला अंदाज २०२१ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंगा किंवा यांगत्झेसारख्या महानद्या सर्वांत वर असणार, असा तोवरचा समज होता. या प्रारूपात दाट वस्तीतून वाहणाऱ्या, लांबीने लहान असलेल्या शहरी नद्या पुढे आल्या. पहिला क्रमांक मनिलाच्या पासिग नदीचा. कल्याण-ठाण्याची आपली उल्हास पहिल्या दहांत होती.

तरीही दोष फिरायला येणाऱ्याकडे जातो, कारण तो डोळ्यांसमोर कागद टाकताना दिसतो. नाला रात्री काय ओततो, ते पाहायला कुणी बसलेलं नसतं.

कचऱ्यातलं काय खुपावं आणि काय खुपू नये, याचंही आपलं एक माप असतं. वेल्सच्या किनाऱ्यांवर डेव्हिड ट्यूडर आणि अॅलन विल्यम्स या संशोधकांनी लोकांना कचऱ्याची छायाचित्रं दाखवून मतं विचारली. सर्वांत जास्त किळस आली ती सांडपाण्यातून आलेल्या वस्तूंची आणि दवाखान्याच्या कचऱ्याची. सिगारेटच्या थोटकांचं उलट आहे. ती कुणाला फारशी खुपत नाहीत. थोटकाचा फिल्टर कापसासारखा दिसतो, पण असतो सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेच्या मोजणीत ही थोटकं वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होती. २०१९ च्या मोजणीत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं.

‘समुद्र काही ठेवून घेत नाही, सगळं परत करतो,’ हा आणखी एक लाडका समज. जुलै २०१८ मध्ये उधाणाच्या लाटांनी मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचा खच टाकला, तेव्हा हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. ते अर्धंच खरं आहे. बाटली ज्या पेट प्लास्टिकची बनते, ते पाण्यापेक्षा जड असतं. झाकण पॉलिथिलिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, म्हणून हलकं. झाकण निघालं की बाटलीत पाणी भरून ती तळाला जाते आणि झाकण तरंगत किनाऱ्याला लागतं. बाटलीचा हिशेब समुद्राच्या पोटातच राहतो.

तो हिशेब कोळ्यांना चांगला ठाऊक आहे. डोल हे भरती-ओहोटीच्या ओढीत एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. प्रवाह जे आणील ते त्यात शिरतं. बोंबील आणि जवळ्याबरोबर पिशव्या, पुड्या, चिंध्याही शिरतात आणि मासळी निवडण्याआधी त्या उपसाव्या लागतात. फिरायला येणाऱ्याला कचरा पुळणीवर दिसतो, कोळ्याला तो जाळ्यात सापडतो.

म्हणून चौपाटीवर कागद टाकणारा निर्दोष सुटतो, असं नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच घाण असलेल्या जागी लोक हातातला कागद सहज टाकतात, स्वच्छ जागी तुलनेने कमी. ‘इथे आधीच उकिरडा आहे, माझ्या एका कागदाने काय होणार’ या मनोवृत्तीला नाल्याचा कचरा आयतं निमित्त पुरवतो.

वर्सोव्याचं उदाहरण बोलकं आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी तिथला किनारा साफ करायला घेतला, माणसं जोडली, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. पण भरतीगणिक नवा कचरा येतच राहिला. पुढे त्यांनी मिठीच्या वरच्या अंगाला, पवईजवळच्या फिल्टरपाड्यात काम सुरू केलं. किनाऱ्याचं दुखणं वस्तीत आहे, हे ओळखून उचललेलं ते पाऊल होतं. अर्थात ‘झोपडपट्टीवाले नाल्यात टाकतात’ असं म्हणून मोकळं होणंही दोष ढकलण्याचीच नवी तऱ्हा. ज्या गल्लीत घंटागाडी शिरतच नाही, तिथल्या माणसाने पिशवी न्यायची कुठे, याचं उत्तर महापालिकेने द्यायचं आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ केले जातात. या मोहिमेची सुरुवात १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर झाली. गोळा केलेली प्रत्येक वस्तू तिथे तक्त्यात नोंदवली गेली, आणि मोजण्याची ती शिस्त आजही टिकून आहे. यंदा जे वाचक हातमोजे घालून पुळणीवर उतरतील, त्यांनी दोन वेगळे ढीग करावेत : इथेच टाकलेल्या वस्तूंचा एक आणि भरतीबरोबर आलेल्यांचा दुसरा. दुसऱ्या ढिगाची यादी, जवळच्या नाल्याच्या नावासह, आपल्या विभाग कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.

(पुढील लेखांकात : विसर्जनानंतरची सकाळ)