पेढा, बर्फी आणि पोटावरून लागणारे निकाल

पहिलटकरणीचं पोट दिसायला लागलं की ते तिचं एकटीचं राहत नाही. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू, भाजीवाल्या मावशी, नवऱ्याची लांबची आत्या, सगळ्यांचा त्यावर थोडाथोडा हक्क असतो. माहेरचे आणि सासरचे सल्ले आपसात भांडतात ते वेगळंच. आई म्हणते रोज शहाळं पी, सासूबाई म्हणतात शहाळ्यानं बाळाला सर्दी होते. मला सध्या सातवा महिना चालू आहे. बसल्या बसल्या झेपेल असा एकच उद्योग हाताशी होता, तो म्हणजे यातलं खरं किती आणि ऐकीव किती हे पडताळून बघण्याचा. बरेचसे समज निरुपद्रवी निघाले, एक तर चक्क खरा निघाला. काहींची किंमत मात्र आईच्या तब्येतीला मोजावी लागते, आणि ते नेमके सगळ्यात प्रेमानं सांगितले जातात.

सुरुवात पेढा-बर्फीपासून. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या समोर ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ही चाचणी निम्म्या वेळा बरोबर येते आणि तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा कुणी ठेवत नाही. पण पोट पुढे आलंय की पसरलंय, चेहरा उजळलाय की काळवंडलाय, उठताना कुठला हात टेकते, यावरून निकाल देणारी मंडळी भलतीच गंभीर असतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 104 गर्भवतींना अंदाज करायला सांगितलं आणि त्यांच्या पोटाचा आकारही नोंदवला. 1999 साली ते निष्कर्ष छापून आले. अंदाज बरोबर आले साधारण 55 टक्के, आणि पोटाच्या आकाराचा मुलगा-मुलगी असण्याशी काही संबंध लागला नाही. तो आकार ठरतो बाईची उंची, पोटाचे स्नायू आणि बाळ आत कसं पहुडलंय यावरून. पहिल्या खेपेला स्नायू घट्ट असतात म्हणून पोट वर राहतं, इतकंच.

मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, तेही वडिलांकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय यावर. नंतर कुठलीही बी, पुडी किंवा मुळी ते बदलू शकत नाही. सोनोग्राफीत ते शोधणं आणि सांगणं हा गुन्हा आहे. केंद्राचा कायदा 1994 चा, पण महाराष्ट्रानं 1988 मध्येच स्वतःचा कायदा करून देशात पहिलं पाऊल टाकलं होतं. ज्या घरात बर्फी निघाल्यावर एखाद्याचा चेहरा उतरतो, तिथे तो खेळ नव्हताच.

सोनोग्राफीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दलची भीतीही काढून टाकू. ‘सारखे किरण मारून घेऊ नकोस’ असं मला निदान तिघींनी बजावलंय. सोनोग्राफीत किरण नसतातच. आपल्या कानाला ऐकू येत नाहीत इतक्या उच्च कंपनांच्या ध्वनिलहरी असतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून चित्र उभं राहतं. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये या तंत्रावरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. क्ष-किरणांशी याचं काही नातं नाही.

आता केशराचं दूध. बाळाच्या कातडीचा रंग ठरवतं मेलॅनिन, आणि ते किती हे ठरतं आईवडिलांच्या जनुकांवरून. दुधातलं केशर बाळाच्या गालापर्यंत पोचत नाही. चिमूटभर केशरानं बिघडतही काही नाही, दूध पोटात जातं हा फायदाच. पण गंमत पुढे आहे. ज्या घरात ग्रॅमला शेकड्यानं पैसे मोजून केशर येतं, त्याच घरात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं खणात पडून असतात, कारण म्हणे त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं! काळी होते ती आईची शी. शरीरानं न घेतलेलं लोह बाहेर पडताना तसा रंग देतं, आणि कुणीतरी तो रंग बाळाला चिकटवून टाकला.

हा गैरसमज महागातला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 52 टक्के गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता होती. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून रोज एक, याप्रमाणे निदान 180 दिवस गोळी घ्यायची असते. सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. मळमळ आणि बद्धकोष्ठता हा त्रास मात्र खरा आहे, त्याला कुणी ‘मनाचे खेळ’ म्हटलं तर ऐकू नका. डॉक्टरांना सांगून गोळी किंवा वेळ बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये. चहाबरोबर घेतली तर लोह नीट लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर जास्त लागतं.

‘आता दोघांचं खायचं’ हे वाक्य ताटात तिसरी पोळी पडताना ऐकू येतं. यातला दुसरा जीव विसाव्या आठवड्यात तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, हे कुणी लक्षात घेत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे रोज सुमारे 350 कॅलरी जादा घेण्याची. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि वर थोडं दही. त्याच्या पलीकडचा शिरा प्रेमाचा असतो, गरजेचा नव्हे. म्हणूनच सगळ्या गर्भवतींची साखर तपासतात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं, दोन तास दवाखान्याच्या बाकड्यावर बसायचं, मग रक्त द्यायचं. ते पाणी इतकं गोड असतं की तिसऱ्या घोटाला जिभेवर चिकट साय धरल्यासारखं वाटतं आणि शेजारची बाई आपल्याकडे सहानुभूतीनं बघते, कारण तिचा पेला अजून भरलेलाच असतो. निकाल 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू करतात.

पपईचं प्रकरण अर्धं खरं आहे. कच्च्या पपईच्या चिकात असे घटक असतात की त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात; उंदरांवरच्या प्रयोगांत ते दिसलंय. म्हणून कच्ची पपई टाळावी. नीट पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. आणि नवव्या महिन्यात वाटीभर तूप प्यायल्यानं बाळ सुळकन बाहेर येतं, या समजाबद्दल शाळेतल्या जीवशास्त्राची एकच आठवण पुरे: अन्ननलिका आणि गर्भाशय यांना जोडणारा रस्ता नाही.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, हा समज मी नवऱ्याला मुद्दाम खोडून सांगितलेला नाही. मिसळ वेळेवर येते आहे. पण लेखात खरं लिहायला हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बहुतेक सगळ्याच बाळांची लाळ गळते. तोंडात लाळ भरपूर तयार होत असते आणि ती गिळायचं कसब अजून आलेलं नसतं. आईनं काय खाल्लं नाही याचा तिथे हिशोब नसतो. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेल्या विटेचा तुकडा असलं खावंसं वाटत असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नये. रक्त कमी असताना अशी ओढ लागते, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

एकच समज असा सापडला की तो मोडायला गेलेले संशोधकच तोंडघशी पडले. छातीत जळजळ झाली की बाळाला जावळ दाट, असं आजी म्हणायची. जॉन्स हॉपकिन्सच्याच गटानं 64 गर्भवतींची जळजळ नोंदवली आणि जन्मल्यावर बाळांचे फोटो काढून त्रयस्थांकडून केस मोजून घेतले, मोजून म्हणजे अंदाजानं. मध्यम किंवा तीव्र जळजळ झालेल्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरी किंवा त्याहून दाट केस होते. 2006 मध्ये हे छापून आलं. गरोदरपणातल्या ज्या संप्रेरकांमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, त्यांचाच गर्भाच्या केसांच्या वाढीशी संबंध असावा असा संशोधकांचा तर्क आहे. अभ्यास लहान आहे, पण आजीला एक गुण द्यायला हरकत नाही.

आता दोन समज असे, की ते ऐकताना माझा खेळकरपणा संपतो. पहिला म्हणजे हात वर करून कपडे वाळत घालू नकोस, नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळेल. सोनोग्राफीच्या अहवालात नाळेचा वेढा आहे असं वाचलं की घरात आधी हाच प्रश्न येतो, ‘काय केलंस तू?’ काहीच नाही. आईच्या हाताचा आणि नाळेचा संबंध नसतो. नाळ अर्धा मीटरभर लांब असते आणि बाळ आत दिवसभर कोलांट्या मारत असतं. पाचातल्या निदान एका प्रसूतीत असा वेढा सापडतो आणि बहुतेक वेळा डॉक्टर तो बोटानं सोडवतात. गर्भातलं बाळ गळ्यातून श्वास घेत नाही, त्याचा प्राणवायू नाळेतून येतो.

दुसरा समज ग्रहणाचा. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, वेध सुटेपर्यंत हलायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. ग्रहण म्हणजे सावली. सूर्यग्रहणात चंद्राची, चंद्रग्रहणात पृथ्वीची. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघणं धोक्याचं आहे, पण ते सगळ्यांनाच, पोटातल्या बाळाला नव्हे. दुभंगलेला ओठ साधारण 700 बाळांत एकाला असतो, आणि ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही असतो. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. त्या दिवसांत अनेकींना आपण गरोदर आहोत हेच नुकतं कळत असतं. सातव्या महिन्यात सुरी हातात धरल्यानं ओठ फाटेल कसा, तो कधीचाच तयार झालेला असतो. त्याची कारणं आनुवंशिकतेत, तंबाखूच्या धुरात, फिट्सवरच्या काही औषधांत, आईच्या आधीपासूनच्या मधुमेहात सापडतात, आणि कित्येकदा नेमकं कारण सापडतच नाही. काही तास पाण्याविना आडवं पडून राहिल्यानं गर्भवतीला चक्कर मात्र येऊ शकते. शस्त्रक्रियेनं बरं होणाऱ्या व्यंगाचं खापर जन्मभर आईच्या विळीवर फोडणं, हे मला त्या व्यंगापेक्षा वाईट वाटतं.

तारखेबद्दलही थोडं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजतात. आपल्या आज्यांचे नऊ महिने नऊ दिवस तीस दिवसांच्या महिन्यानं धरले तर 279 होतात, म्हणजे हिशोब पक्का. तरी त्या नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. पौर्णिमेला बाळंतपणं वाढतात असं वाटणाऱ्यांसाठी, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1997 ते 2001 मधले साडेपाच लाखांवर जन्म चंद्राच्या कलांशी ताडून पाहिले गेले. काही फरक नव्हता.

शेवटचा समज मात्र डोक्यातून पूर्ण काढून टाका. ‘नवव्या महिन्यात जागा कमी पडते, म्हणून बाळ हलायचं कमी होतं’ असं सर्रास सांगतात. ते चुकीचं आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी वळवळ आणि ढकलणं जास्त जाणवतं, पण बाळ प्रसूतीपर्यंत हलत राहतं. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर गार पाणी पिऊन वाट बघत बसू नका, कुणाला बरं वाटेल न वाटेल याचा विचार करू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट येते.