डिलिव्हरीच्या गाडीने धडक दिली: केस कुणावर आणि पैसे कोण भरणार?



विम्यावर बोलताना आपण दुकानाला आग, चोरी, माल खराब होणं याबद्दल नेहमी बोलतो. पण छोट्या धंद्याला एका दिवसात झोपवू शकते ती दारात उभी असलेली स्कूटर. आज त्यावर बोलू.

समजा, तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. स्कूटर तुमच्या नावावर, डबे पोचवायला एक मुलगा ठेवलाय. दुपारी बाराची घाई. वळणावर त्याची धडक रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना बसते आणि त्यांचा पाय मोडतो. त्या ३४ वर्षांच्या, घरी शिवणकाम करून महिन्याला १५,००० कमावणाऱ्या.

अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्रकरण मिटवून टाकू." वीसेक हजार द्यायचे, कागदावर सही घ्यायची. इथेच बहुतेक जण फसतात, कारण एका अपघातातून दोन वेगवेगळ्या केस जन्माला येतात आणि एक मिटली म्हणून दुसरी मिटत नाही.

पहिली पोलीस केस. ही सरकार विरुद्ध गाडी चालवणारा अशी असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने गाडी चालवल्याबद्दल तिचं कलम २८१ लागतं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत', आणि कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जीव गेला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत. इथे आरोपी तो मुलगा. मालक म्हणून तुम्ही सहसा आरोपी नसता.

सहसा म्हणालो, कारण त्याच्याकडे लायसन्स नसताना तुम्ही चावी दिली असेल तर मोटार वाहन कायद्यात तुमच्यावरही वेगळा गुन्हा होतो. आणि सुट्टीत "मदतीला" आलेला १७ वर्षांचा भाचा गाडीवर असेल, तर गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० दंड आहे. घरगुती धंद्यात हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुसरी केस नुकसानभरपाईची. ती चालते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, आणि त्यात चालक, गाडीचा मालक आणि विमा कंपनी या तिघांना पक्षकार केलं जातं. तुमच्या कामावर असलेल्या माणसाच्या चुकीची भरपाई तुमच्यावर येते. गाडी त्या मुलाच्या नावावर असली तरी नोकरीवर ठेवणारा म्हणून तुमच्याकडे बोट दाखवलं जाऊ शकतं. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर रक्कम कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर तुम्ही.

किती? बाईंचं वर्षाचं उत्पन्न १,८०,०००. सुप्रीम कोर्टाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक ठरवून दिले. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. म्हणजे २८,८०,०००. पाय नीट बरा झाला नाही आणि कमाईची क्षमता २० टक्के घटली असं ठरलं, तर ५,७६,०००. दवाखान्याचा खर्च, बुडालेले दिवस, सोसलेला त्रास हे सगळं वर. शिवाय टक्केवारी फक्त डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ठरत नाही, त्या माणसाचं काम काय हेही बघितलं जातं. पायाने मशीन चालवणाऱ्या बाईंचा पाय आणि खुर्चीत बसून हिशोब लिहिणाऱ्याचा पाय, कोर्टापुढे सारखे नाहीत. आता वीस हजारांच्या त्या कागदाकडे परत बघा.

"मुलगा पोलीस केसमधून सुटला तर भरपाईही नाही ना?" असं हमखास विचारलं जातं. तसं नाही. एन.के.व्ही. ब्रदर्स या बस मालकांचा १९८० सालचा खटला बघा. बस रात्री लोंबकळणाऱ्या हाय टेन्शन वायरला लागली, २६ जण सापडले, त्यातले ८ जागीच गेले. फौजदारी कोर्टाने हा दैवी कोप मानून ड्रायव्हरला सोडून दिलं. तरीही न्यायाधिकरणाने त्याचा निष्काळजीपणा धरून भरपाई लावली आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. शिक्षेसाठी गुन्हा संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो, भरपाईसाठी मात्र "असं घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं पुरतं.

म्हणून अपघाताच्या दिवशी पळून जाणं, गाडी बदलून दाखवणं असले सल्ले देणाऱ्यांना लांब ठेवा. जखमीला दवाखान्यात न्यायचं, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं, ही कायद्यानेच घातलेली जबाबदारी आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरावीक दवाखान्यांत ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळण्याची योजना आहे, तीही तिथेच विचारा. माणुसकी म्हणून खर्चाला मदत करायची तर जरूर करा, पावती ठेवा. पण कंपनीला न विचारता "सगळी चूक आमची, आम्ही भरतो" असं लिहून दिलंत तर पुढे कंपनी त्याच कागदावर बोट ठेवेल.

तो मुलगाच जखमी झाला तर? कामावर असताना कामगाराला इजा झाली की मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ पासून आहे. त्याचं कव्हर तुमच्या पॉलिसीत किती, हे एजंटकडून लिहून घ्या.

आता बाजू उलटी करू. उद्या धडक तुम्हालाच बसली तर? एफआयआर, दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड हे कुणीही जपून ठेवतं. दावा ६ महिन्यांच्या आत करायचा हे पुष्कळांना माहीत नसतं. पण आपल्यासारख्यांचं खरं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. महिन्याला ४०,००० कमावणारा माणूस रिटर्न भरत नाही, सगळा व्यवहार रोखीत, वहीसुद्धा नाही. मग कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज बहुतेक वेळा मजुरीच्या दराजवळ येऊन थांबतो. वर जो १५,०००चा आकडा आपण गुणला, तिथे तुमचा आकडा कुठला लिहिला जाईल हे आज तुम्ही भरत असलेल्या रिटर्नवर आणि बँकेच्या पासबुकावर ठरतंय.

विमा किती तारखेला संपतो, ते आत्ता उठून बघून या.